आचारी आणि आचार्य : ओपन सोर्सचा इतिहास आणि श्रमाचा हिशेब

'आचाऱ्यास बोलवा' आणि 'आचार्यास बोलवा' ही दोन वाक्ये आपल्या मोबाइलवर लिहून बघा. पहिल्या वाक्यात स्वयंपाक करणाऱ्याला बोलावणे आहे, दुसऱ्यात शिकवणाऱ्याला. लिहिताना फरक एवढाच, की पहिल्यात 'र' अर्धा होऊन 'या'च्या शेजारी उभा राहतो आणि दुसऱ्यात तो रफार होऊन डोक्यावर बसतो. हिंदी लिहिणाऱ्याला या फरकाची गरज पडत नाही. मराठी माणसाला पडते.

पण मोबाइलला मराठी येत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. कोणत्या आकड्यापुढे कोणता आकडा आला म्हणजे पडद्यावर कोणते अक्षर काढायचे, रफार कुठे बसवायचा, वेलांटी कोणत्या बाजूला न्यायची, हे सांगणारा कोड कोणीतरी बसून लिहिलेला आहे. अँड्रॉइड फोनमध्ये, संगणकावरच्या क्रोम आणि फायरफॉक्समध्ये, लिबरऑफिसमध्ये हे काम 'हार्फबझ' नावाची एक लायब्ररी करते. नाव फारसी आहे, अर्थ 'खुले अक्षर'. ती फुकट मिळते, तिचा कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो. आज कोट्यवधी माणसे तिच्यावर विसंबून आपली भाषा वाचतात. त्यांपैकी किती जणांनी तिचे नाव ऐकले आहे?

येथे लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. एखादे नेमके काम करणारा, एकदा लिहून ठेवलेला कोड म्हणजे लायब्ररी. प्रत्येक प्रोग्रामरने तेच काम पुन्हा करू नये, तयार तुकडा आपल्या प्रोग्राममध्ये जोडून घ्यावा, हा तिचा हेतू. असा तुकडा इतरांना सहज बसवता यावा म्हणून बांधून ठेवलेली पुडी म्हणजे पॅकेज. आज बँकेचे ॲप असो, रेल्वेचे तिकीट असो की सरकारी संकेतस्थळ, त्यातला बराचसा कोड त्या त्या संस्थेने लिहिलेला नसतो. तो अशा पुड्यांतून आलेला असतो.

ओपन सोर्सचा इतिहास सहसा चार-पाच थोर पुरुषांची गोष्ट म्हणून सांगितला जातो. आम्हाला तो वेगळ्या बाजूने तपासायचा आहे. विहीर सर्वांना खुली झाली, हे चांगलेच झाले. पण ती उपसतो कोण, गाळ काढतो कोण, आणि पाणी विकून पैसे कोण करतो? हे प्रश्न विचारल्याशिवाय तो इतिहास पूर्ण होत नाही.

कुलूप केव्हा लागले?

सॉफ्टवेअर सुरुवातीपासून कुलुपात होते असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत पैसे यंत्राचे मोजले जात, प्रोग्राम यंत्राबरोबर मिळत. आयबीएमची यंत्रे वापरणाऱ्यांनी १९५५ मध्ये 'शेअर' नावाची संघटना काढली आणि आपापले प्रोग्राम एकमेकांना देऊ केले. वाटून घेणे ही त्या काळी काही क्रांती नव्हती, ती रोजची रीत होती.

१९६९ मध्ये आयबीएमने यंत्र आणि सॉफ्टवेअर यांची किंमत वेगळी करण्याची घोषणा केली. सॉफ्टवेअर हा स्वतंत्र माल झाला. माल झाला म्हणजे मालक आला, आणि मालक आला म्हणजे कुंपण आले. फेब्रुवारी १९७६ मध्ये तरुण बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना एक जाहीर पत्र लिहिले. आमचे बेसिक तुम्ही पैसे न देता वापरता, ही चोरी आहे, असा त्यांचा आरोप होता. त्याच पत्रात त्यांनी एक सवाल केला होता : व्यावसायिक दर्जाचे काम फुकट करणे कोणाला परवडेल?

आम्ही कुलूपवाल्यांच्या बाजूचे नाही. तरीही प्रामाणिकपणे सांगतो, तो सवाल चुकीचा नव्हता. त्याचे कुलूप हे उत्तर चुकीचे होते. आणि ज्यांनी कुलूप तोडले, त्यांनी या सवालाचे पूर्ण उत्तर आजतागायत दिलेले नाही. पुढचे सगळे दुखणे येथूनच सुरू होते.

कायद्याच्या हत्याराने कायद्याला उत्तर

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन प्रोग्रामर होते. तेथे झेरॉक्स कंपनीचा एक नवा प्रिंटर आला. कागद अडकला तर ते लोकांना कळावे, एवढी सोय स्टॉलमन यांना त्यात करायची होती. त्यासाठी त्याचा मूळ कोड हवा होता. तो मिळाला नाही. ज्याच्याकडे कोड होता, त्याने तो कोणाला न देण्याचा करार केला होता. ज्ञान एका माणसाच्या हातात आहे आणि शेजाऱ्याला सांगण्याची त्याला बंदी आहे! ही बंदी काय असते, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. संपूर्ण संगणकप्रणाली नव्याने लिहायची आणि ती सर्वांसाठी मुक्त ठेवायची. १९८५ मध्ये त्यांचा जाहीरनामा आला, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. पण खरी करामत १९८९ मध्ये आली. तिचे नाव जीपीएल, म्हणजे जनरल पब्लिक लायसन्स. लेखकाचा हक्क जपणारा कॉपीराइटचा कायदा त्यांनी उलटा फिरवला. हा कोड वापरा, वाचा, बदला, वाटा. पण बदललेला कोड दुसऱ्याला द्याल, तर हेच हक्क त्यालाही द्यावे लागतील. ज्या दारातून तुम्ही आत आलात, ते दार मागून बंद करता येणार नाही. नुसत्या सदिच्छेवर विसंबून न राहता हक्काला कायद्याचे बळ दिले पाहिजे, हे स्टॉलमन यांना नेमके कळले होते.

लायब्ररीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार झाला. तुमच्या प्रोग्राममध्ये जीपीएलखालची लायब्ररी जोडली, तर तुमचा प्रोग्रामही खुला करावा लागेल काय? 'रीडलाइन' ही ग्नूची एक छोटी लायब्ररी. पडद्यावर टाइप केलेली ओळ दुरुस्त करायची सोय ती देते. 'सीलिस्प' नावाच्या प्रोग्रामने ती वापरली, तेव्हा हा वाद उभा राहिला आणि १९९२ मध्ये सीलिस्पच्या कर्त्याने आपला अख्खा प्रोग्राम जीपीएलखाली आणला. एका छोट्या लायब्ररीने मोठा प्रोग्राम सर्वांचा करून टाकला.

दुसरीकडे १९९१ मध्येच ग्नूने लायब्ररींसाठी एक सौम्य परवाना, एलजीपीएल, काढला होता. त्याखालची लायब्ररी बंद प्रोग्राममध्येही जोडता येई. पुढे, १९९९ मध्ये, स्टॉलमन यांनी प्रोग्रामरांना आवाहन केले की, पुढच्या लायब्ररीला हा सौम्य परवाना सरसकट लावू नका. कारण देवाणीबरोबर घेवाण हवी असेल, तर हातात काही ताकद ठेवावी लागते. पण वारे उलट्या दिशेने वाहू लागले होते. एमआयटी, बीएसडी, अपाची यांसारखे परवाने वाढले. त्यांत कर्त्याचे नाव आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवला की झाले, परत काही देण्याचे बंधन नाही. ज्या हार्फबझने आपण सुरुवात केली, तिचा परवानाही याच सौम्य घराण्यातला.

शब्द बदलला, धनीही बदलले

फेब्रुवारी १९९८ मध्ये नेटस्केप कंपनी आपल्या ब्राउझरचा कोड खुला करण्याच्या तयारीत होती. 'फ्री' म्हटले की कंपन्यांना 'फुकट' ऐकू येते, स्वातंत्र्याची भाषा त्यांना जड जाते, म्हणून नवा शब्द हवा होता. 'ओपन सोर्स' हा शब्द क्रिस्टीन पीटरसन या स्त्रीने सुचवला. तो जगभर गाजला. गाजले ते मात्र एरिक रेमंड, ब्रूस पेरेन्स अशी पुरुषांची नावे. पीटरसन यांनी स्वतःची हकिकत लिहून प्रसिद्ध केली ती २० वर्षांनी, २०१८ मध्ये. ज्या चळवळीत कोडच्या प्रत्येक ओळीचा कर्ता नोंदला जातो, तिच्या नावाच्याच कर्तीची नोंद इतकी वर्षे पुसट राहावी, याला योगायोग म्हणायचे काय?

शब्दाबरोबर भरही बदलला. मुक्त सॉफ्टवेअरवाले म्हणत होते, हा हक्काचा प्रश्न आहे. ओपन सोर्सवाले म्हणू लागले, ही काम करण्याची चांगली पद्धत आहे. हक्काची भाषा मागे पडली, सोयीची भाषा पुढे आली. कंपन्यांना हेच हवे होते.

याच काळात पुड्यांची गोदामे उभी राहिली. पर्ल भाषेसाठी 'सीपॅन' १९९५ मध्ये, पायथनसाठी 'पायपीआय' २००३ मध्ये, रूबीसाठी 'रूबीजेम्स' २००४ मध्ये, जावास्क्रिप्टसाठी 'एनपीएम' २०१० मध्ये. एक आज्ञा टाइप केली की पुडी येते. तिला लागणारी दुसरी पुडी येते, दुसरीला लागणारी तिसरी येते. आपण कोणाचे काम वापरतो आहोत, हे वापरणाऱ्यालाही कळेनासे झाले. २००८ मध्ये आलेल्या 'गिटहब'वर जगभरचा कोड गोळा झाला आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब ७५० कोटी डॉलरना विकत घेतले. ज्यांचे संस्थापक १९७६ मध्ये चोरी, चोरी म्हणून ओरडत होते, तीच ही कंपनी. पुढच्या वर्षी आयबीएमने लिनक्सवर उभी राहिलेली रेड हॅट ३,४०० कोटी डॉलरना घेतली.

अकरा ओळी आणि दोन हजार डॉलर

आता खालच्या मजल्यावर काय चालले होते ते पाहू.

मार्च २०१६. अझेर कोचुलू या प्रोग्रामरने एनपीएमवर अनेक पुड्या ठेवल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या नावावर एका कंपनीने दावा सांगितला आणि एनपीएमच्या चालकांनी ते नाव कंपनीला देऊन टाकले. कोचुलू यांनी निषेध म्हणून आपल्या सगळ्या, अडीचशेहून अधिक पुड्या काढून घेतल्या. त्यांत 'लेफ्ट-पॅड' होती. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारा अवघ्या ११ ओळींचा कोड. ती नाहीशी होताच जगभर हजारो प्रकल्प बांधताना अडू लागले. सुमारे दोन तासांत एनपीएमने ती पुडी परत जागेवर ठेवली, कर्त्याची इच्छा नसताना. पुढे नियमही बदलला, की ज्या पुडीवर इतर विसंबून आहेत ती कर्त्याला सहज काढता येणार नाही. वापरणाऱ्यांच्या दृष्टीने हे बरोबरच असेल. पण काम फुकट करायचे, नावाचा वाद झाला तर कंपनीचे ऐकायचे, आणि काम थांबवतो म्हटले तर तेही चालायचे नाही, याला आमच्या गावच्या भाषेत वेठ म्हणतात.

त्याआधी दोन वर्षे, ७ एप्रिल २०१४ रोजी 'हार्टब्लीड' नावाचा दोष जाहीर झाला होता. 'ओपनएसएसएल' ही लायब्ररी इंटरनेटवरचे पासवर्ड आणि बँकेचे व्यवहार गुप्त ठेवते. तिच्यातल्या एका चुकीमुळे सर्व्हरच्या स्मृतीतला गुप्त मजकूर कोणालाही बाहेर काढता येत होता. सुमारे पाच लाख सुरक्षित सर्व्हर धोक्यात होते. मग लोकांनी चौकशी केली. या लायब्ररीवर पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक, आणि देणगी वर्षाला सुमारे २,००० डॉलर! तिच्या भरवशावर अब्जावधींचा धंदा करणाऱ्या कंपन्या तेव्हा जाग्या झाल्या आणि मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षे दरवर्षी किमान एक-एक लाख डॉलर देण्याचे कबूल केले. आग लागल्यावर विहीर आठवली.

डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या जावा लायब्ररीत तितकाच गंभीर दोष सापडला. सणासुदीच्या दिवसांत रात्रंदिवस बसून तो दुरुस्त करणारे लोक स्वयंसेवक होते.

आणि २०२४ मधले 'एक्सझेड' प्रकरण. फाइल लहान करणारी ही लायब्ररी वर्षानुवर्षे लासे कॉलिन हे जवळजवळ एकटे सांभाळत होते. काम उशिरा होते म्हणून काही अनोळखी खाती त्यांच्यावर दबाव आणू लागली. जून २०२२ मध्ये कॉलिन यांनी उघडपणे लिहिले की मानसिक स्वास्थ्याच्या अडचणींमुळे आपली काम करण्याची ताकद कमी झाली आहे, आणि हा पगार नसलेला छंदाचा प्रकल्प आहे. 'जिया टॅन' या नावाचे एक खाते मदतीला पुढे आले, विश्वास मिळवला, अधिकार मिळवले. त्याच हाताने पुढे कोडमध्ये चोरदरवाजा बसवला गेला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, त्यांनी शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले. जगभरच्या सर्व्हरांची सुरक्षा एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर होती. शत्रूला त्याचा थकवा दिसला. ज्यांचा धंदा त्याच्यावर चालला होता, त्यांना तो दिसला नाही.

'गुणवत्ता' आणि फुकट काम करण्याची ऐपत

येथे कोणी म्हणेल : कोणी जबरदस्ती केली होती? कोड खुला आहे, ज्याच्या अंगी गुण आहे त्याने लिहावा, नाव कमवावे. गुणवत्तेचा हा युक्तिवाद आपण इतरत्रही ऐकलेला आहे. तो येथे तपासून पाहू.

फुकट कोड लिहायला कौशल्य लागते, हे खरे. पण त्याआधी मोकळी संध्याकाळ लागते. घरी लॅपटॉप लागतो, इंग्रजी लागते, आणि महिन्याच्या पगाराची चिंता नसावी लागते. दिवसभर कामावर राबून घरी येऊन चूल पेटवणाऱ्या बाईकडे ही संध्याकाळ कुठून येणार? गिटहबने २०१७ मध्ये घेतलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी ९५ टक्के पुरुष होते, स्त्रिया ३ टक्के. दाराला कुलूप नव्हते, तरी ही स्थिती. उंबरठा मात्र उंच होता. आणि नोकरी देताना 'तुमचे गिटहब दाखवा' असे विचारले, की फुकट काम करण्याची ऐपत हीच गुणवत्ता ठरते.

आपल्या मराठीचा अनुभव

हा प्रश्न परका नाही. जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल, एका डीटीपीवाल्याकडे टाइप केलेले पत्रक दुसऱ्याच्या संगणकावर उघडले की अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसत. तोच विकतचा फॉन्ट असेल तरच मजकूर वाचता येई. मजकूर आमचा, भाषा आमची, आणि किल्ली मात्र फॉन्ट विकणाऱ्याकडे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९८८ मध्ये आले, १९९१ मध्ये ते भारतीय मानक झाले आणि युनिकोडमधली देवनागरी त्याच्याच आधारावर बेतली गेली. पण प्रमाण कागदावर असून भागले नाही. ते पाळणारे फुकट फॉन्ट आणि अक्षरे जुळवणाऱ्या खुल्या लायब्ररी आल्या, तेव्हा कुलूप निघाले. रेड हॅटने २००४ मध्ये 'लोहित' फॉन्ट जीपीएलखाली खुले केले. पुढे त्यांवर त्यांच्या पुण्यातील अभियंत्यांनीही काम केले. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाहून वेगळे असतात, असली बारीक कामे कोणीतरी खाली मान घालून केली, म्हणून आज आपण कोणाची परवानगी न घेता लिहितो आणि आपले लिहिलेले कोठेही उघडते. ओपन सोर्सचे हे ऋण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. टीका करतो ती याच कारणासाठी.

कागदावरची समता

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी एक इशारा दिला होता. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विसंवाद फार काळ चालू ठेवला तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल, असा त्याचा आशय होता. तो इशारा राष्ट्राबद्दल होता. पण विचाराची ती कसोटी येथेही लागू पडते. परवान्याने विद्यार्थ्याला आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपनीला एकच हक्क दिला. ही समता खरी आहे, मोलाची आहे. मात्र मोबदला, विश्रांती आणि निर्णयाची सत्ता यांत समता आणली नाही. परिणाम काय झाला? लेफ्ट-पॅड, हार्टब्लीड, एक्सझेड. पाया राबणाऱ्यांच्या थकव्यावर उभा असेल, तर वरचे मजलेही सुरक्षित राहत नाहीत.

मग उपाय काय, परत कुलूप? मुळीच नाही. उपाय १९८५ च्या ग्नू जाहीरनाम्यातच होता. संगणक घेणाऱ्यांवर सॉफ्टवेअर कर बसवावा आणि त्यातून प्रोग्रामरांना पैसे द्यावेत, अशी सूचना स्टॉलमन यांनी तेथे केली होती. चळवळीने परवाना उचलला आणि ही सूचना विसरली. २०२२ मध्ये जर्मनीने सरकारी पैशातून ओपन सोर्सच्या पायाभूत कामाला निधी देणारी संस्था सुरू केली. सार्वजनिक पाणवठ्याची डागडुजी सार्वजनिक पैशाने व्हावी, एवढा साधा हा विचार आहे. भारत सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण आणले. वापरण्याचे धोरण झाले. आता राखण्याचे धोरण हवे. ज्या लायब्ररींवर सरकारी यंत्रणा चालतात त्यांची यादी जाहीर व्हावी आणि खर्चाचा ठरावीक वाटा त्या सांभाळणाऱ्यांना मिळावा.

आपल्या वस्त्यांतून आज शेकडो मुले-मुली संगणकाचे शिक्षण घेत आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे : पुडी आणून जोडणे एवढ्यावर थांबू नका. ती उघडा, आतला कोड वाचा, कोणी लिहिला ते पाहा, परवाना वाचा. मराठीसाठीची कामे अजून कितीतरी बाकी आहेत, ती हाती घ्या. कामाखाली आपले नाव लिहा आणि मोबदला मागायला लाजू नका. आचार्याचे नाव ग्रंथावर छापले जाते. आचाऱ्याचे नाव पंगतीत कोणी विचारत नाही. ते विचारायला सुरुवात आपण करू.